इंग्लंडमार्गे इंदापूर

बारामतीवरून इंदापूरला जायचं असलं की माणूस स्टँडवर जातो, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि वाटेत एक डुलकी काढून पोचतो. मी आधी इंग्लंडला गेलो, तिथं आठ महिने थंडीत कुडकुडलो आणि मग इंदापूरला गेलो. हा रस्ता फारसा कुणाला माहीत नसल्यामुळं लिहून ठेवतोय.

त्याचं असं झालं. बी. ए. झाल्यावर मला एक स्कॉलरशिप लागली आणि मी तिकडच्या एका युनिव्हर्सिटीत एम. ए.ला गेलो. विषय, आंतरराष्ट्रीय विकास. हे नाव बारामतीत कुणालाही सांगा, समोरचा मान हलवून म्हणतो, "चांगलंय, चांगलंय. पण म्हणजे नेमकं काय?" जगातल्या गावांत पाणी, शाळा, दवाखाने कसे येतात आणि कसे येता येता राहतात, याचा अभ्यास. आमच्या वर्गात सतरा देशांची पोरं. बाहेर ढग, आत हीटर, आणि सगळे मिळून एकमेकांच्या गावांचा विकास करतोय.

आमचं बारामतीत कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन वडलांचं, पण घरातली खरी झेरॉक्स मी. समोर आलेल्या माणसाची कॉपी काढल्याशिवाय मला करमत नाही. शाळेत हेडसरांची काढली म्हणून छड्या खाल्ल्या, कंडक्टरची काढली म्हणून एकदा उंडवडीला उतरवला गेलो. इंग्लंडमध्ये आमच्या सरांची काढायला लागलो. सर हडकुळे, उंच, आणि दर दोन वाक्यांनी भुवया वर करून म्हणायचे, "इंटरेस्टिंग." मला पहिले तीन महिने वाटलं, सर माझ्यावर खूश आहेत. मग कळलं की तिकडचं इंटरेस्टिंग म्हणजे आपल्याकडचं "बघू की." काम होणार नाही, हे तोंडावर न सांगता सांगायची रीत.

माझ्या शेजारच्या बाकावर चंदा बसायची. झांबियाची. तिच्या गावाला चारी बाजूंनी ऊस, कंपनीचा. आई त्या उसात खुरपायला जायची. चंदा लहान असताना तिथं अभ्यास करायला माणसं यायची. ती मुकादमाला सावलीत बसवून प्रश्न विचारायची आणि चंदाची आई त्यांना पाणी आणून द्यायची. "आईला कुणी काहीच विचारलं नाही," चंदा म्हणाली, "ग्लास परत ने, एवढंच."

म्हणून तिनं प्रबंधाला विषय घेतला, कालव्याचं पाणी आणि बायका. मी म्हणालो, ऊस, कालवा आणि बायका तिन्ही आमच्याकडं भरपूर आहेत, चल. सर म्हणाले, "इंटरेस्टिंग." मग म्हणाले, बायका परक्या माणसाशी बोलत नाहीत, पंधरा बायकांच्या मुलाखती आणल्यास तर विषय तुझा, नाहीतर परत येऊन लायब्ररीत बसून दुसरं काहीतरी लिही. हातात दहा दिवस. अकराव्या दिवशी विमान. दुभाषी मी.

बारामती, पहिला दिवस

मे महिना. स्टँडवर उतरल्या उतरल्या चंदा म्हणाली, "शेवटी ऊन मिळालं!" आणि बारामतीतली अख्खी जनता तोंडाला पांढरे रुमाल बांधून तिच्याकडं बघत राहिली.

आईनं दारात भाकरतुकडा ओवाळला. नाव विचारलं. "चंदा? मग आपलीच की ही." त्यांच्याकडं ते नाव सर्रास असतं, हे सांगायची मला संधीच मिळाली नाही. नंतर आईचं लक्ष तिच्या बारीक बारीक वेण्यांकडं गेलं.

"किती वेळ लागतो गं एवढ्या घालायला?"

मी भाषांतर केलं. "सहा तास म्हणते."

आई आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडली, "ऐकलं का? सहा तास! आणि मला म्हणता आवरायला वेळ लावते."

जेवायला भाकरी, शेंगदाण्याची आमटी, ठेचा आणि आमरस. त्यांच्याकडं मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात आणि हातानं मोडून कालवणाबरोबर खातात. त्यामुळं चंदानं एका हातानं भाकरी अशी मोडली की आई बघतच राहिली. आणि आठ महिने काट्याचमच्यानं जेवलेला मी, बाराव्या पिढीचा बारामतीकर, माझा तुकडा आमटीत पडला.

संध्याकाळी दुकानात बसून चंदाच्या प्रश्नांचं मराठी केलं. तिचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती, कालव्याचं पाणी कुणाला कधी मिळतं. आता ज्यांनी कालव्याचं पाणी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कालव्याला पाणी सुटलं की ते सगळ्यांना एकदम मिळत नाही. आज तुझं शेत, उद्या माझं, असं ठरवून मिळतं. या ठरलेल्या वेळेला शब्द काय? मला तो पाठ होता. पाणी मागणीच्या अर्जाची झेरॉक्स काढायला शेतकरी आमच्या दुकानात येतात, आणि लहानपणापासून मी ऐकतोय, "औंदा आपली पाळी कवा हाय रं?" झालं. जिथं जिथं चंदाचा तो शब्द, तिथं तिथं मी पाळी लिहिलं. एकूण चौदा प्रश्नांत अकरा वेळा.

वडलांनी तीस प्रती काढल्या, पिना मारल्या, गठ्ठा केला. आईला दाखवायचं कुणालाच सुचलं नाही. एवढं एक काम केलं असतं तर हे लिखाण इथंच संपलं असतं.

अंथुर्णे, दुसरा आणि तिसरा दिवस

वडलांच्या स्कूटरवरून निघालो. मागं चंदा, पायाशी गठ्ठा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला तसा चंदानं मोठ्यानं श्वास घेतला आणि म्हणाली, "घरचा वास." पुढं मात्र एकेक फरक दाखवायला लागली. त्यांच्याकडं उसाचं रान डोळा पुरत नाही एवढं, मध्ये एकही घर नाही. तोडायच्या आधी पेटवून देतात, रात्री आभाळ लाल दिसतं. इथं एकरभर ऊस, मग एक घर, दारात म्हैस, वर डिश अँटेना, मग पुन्हा एकरभर ऊस. "तुमच्या उसाला शेजारी आहेत," ती म्हणाली.

अंथुर्ण्याला माझी मावशी असते. चंदानं हात जोडून तिच्या भाषेत विचारलं, "मुली शानी?" म्हणजे, कशा आहात.

मावशीनं तिला खालून वरपर्यंत बघितलं. "शानी हाय, दिसतंच हाय. पर जेवली का?"

मला हसू आवरेना. चंदाला वाटलं मावशीला झांबियाची भाषा येते.

माझा स्वतःचा प्रबंध सहकारी सोसायट्यांवर होता, त्याला फक्त तात्या आणि आबा लागत होते. ते लोक पारावर तयारच असतात. त्यांना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. त्यांच्यावरच चंदाची प्रश्नावली एकदा चालवून बघावी म्हणून मी एका आबांना विचारलं, "आबा, तुमची पाळी किती दिवसांनी येते?"

"आता बघ, यायला पायजे म्हयन्यानं. पर पुढंमागं हुतं."

"वेळेवर आली नाही तर काय करता?"

"आफिसात जातो. सायबाला इचारतो."

पारावरचे सगळे गंभीरपणे माना हलवत होते. आपल्याकडचे शब्द बरोबर बसले म्हणून मी खूश. चंदानं वहीत लिहिलं, प्रश्न तपासले, लोकांना नीट कळतात. लोकांना म्हणजे सात पुरुषांना, हे तिनंही लिहिलं नाही आणि मीही.

वरकुट्याच्या पुढची वस्ती, चौथा दिवस

वरकुट्याच्या पुढं, जिथं कालव्याचं पाणी पोचेपर्यंत दमतं, तिथं एका वस्तीवर वडलांच्या ओळखीचे तात्या राहतात. पांढरा नेहरू शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि तोंडात कायम "म्हंजे कसं हाय". त्यांनी त्यांची वरची खोली दिली आणि वस्तीत सांगून ठेवलं की इंग्लंडवरून दोन साहेब आलेत, बायकांनी सहकार्य करावं.

दुपारी सहा-सात बायका खुरपणी थांबवून लिंबाखाली भाकरी सोडत होत्या. आम्हाला पटकन जागा केली. कुणी कांदा फोडून दिला, कुणी चटणी पुढं सरकवली. चंदाच्या वेण्यांना हात लावून झाला. "मुली शानी" झालं. सगळं इतकं झकास चाललं होतं की मला वाटलं, पंधरातल्या सात इथंच संपल्या.

मी घसा साफ केला आणि बातम्या सांगणाऱ्याच्या आवाजात सुरू केलं.

"प्रश्न पहिला. तुमची पाळी किती दिवसांनी येते?"

भाकरी चावायचा आवाज थांबला.

मला वाटलं प्रश्न कळला नाही. म्हणून आवाज वाढवला. "प्रश्न दुसरा. पाळी ठरलेल्या दिवशी येते, का पुढंमागं होते?"

एका तरुण बाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. दुसरी तिच्या पाठीमागं लपली आणि तिची पाठ हलायला लागली.

"प्रश्न तिसरा. पाळी चुकली तर तुम्ही कुणाकडं तक्रार करता?"

"नवऱ्याकडं!" मागून कुणीतरी म्हणालं आणि तीन बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या.

चंदाला एवढं हसू बघून बरं वाटलं. ती मला म्हणाली, त्यांना सांग, लाजू नका, तुमची नावं कुठंही येणार नाहीत. मी तेही सांगितलं. त्यातल्या मोठ्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं. मी तिच्याकडं बघूनच पुढचं वाचलं. "प्रश्न चौथा. पाळी रात्री आली तर सोबत कोण येतं?"

त्या मोठ्या बाई उठल्या. फडकं झटकलं. "ए शिकल्याल्या! घरी आयबहीण हाय का न्हाय तुला? चला गं, उठा. भाकरी ऱ्हाऊ द्या."

दोन मिनिटांत लिंबाखाली मी, चंदा आणि अर्धा कांदा.

"काय झालं?" चंदा म्हणाली.

"माहीत नाही. प्रश्न बरोबर होते. आबांवर तपासले होते."

तीच वस्ती, पाचवा आणि सहावा दिवस

दुसऱ्या दिवशी आम्ही ज्या घरापुढं थांबलो त्या घरातल्या बाईला नेमकं तेव्हाच म्हशीला पाणी पाजायचं होतं. पुढच्या घरात बाई समोर दिसत होती आणि लहान मुलगी दारात येऊन सांगत होती, "आई न्हाय घरी." एक तरुण गडी मोटरसायकल आडवी लावून म्हणाला, "बायकांचं काय असंल त्ये नर्सबाई बघतात. तुमाला काय करायचंय?" दुपारपर्यंत बातमी अशी तयार झाली होती की इंग्लंडच्या सरकारनं दोन माणसं वस्तीतल्या बायकांच्या पाळ्या मोजायला पाठवलीत, पुढच्या महिन्यात गोळ्या येणार.

शेवटी तात्यांनी मला गोठ्यामागं नेलं. इकडं तिकडं बघितलं. दोन्ही पेनं काढून परत लावली.

"म्हंजे कसं हाय, अक्षय. त्ये तू काल बायकांना जे इचारलं…"

"पाण्याचं?"

"व्हय, पाण्याचं. पर म्हंजे कसं हाय, त्ये पाण्याचं न्हाय झालं. त्ये झालं… आता कसं सांगू… तू असं कर, आईला फोन लाव."

आईला फोन लावला आणि प्रश्न पहिला ते चौथा वाचून दाखवले.

"हे तू बायकांना वाचून दाखवलंस?"

"हो."

"मोठ्यानं?"

"कळेना म्हणून दुसऱ्यांदा जरा जास्त मोठ्यानं."

"अरे देवा," आई म्हणाली, आणि तिनं मला सांगितलं की हा शब्द पुरुषांच्या तोंडी पाण्याचा असतो, बायकांच्या कानात दुसऱ्याच कशाचा. पंचवीस वर्षं मी तो दोन्ही अर्थांनी ऐकलाय. पण एक दुकानात आणि एक घरात, आणि घर आणि दुकान यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. पाठीमागून वडलांचा आवाज आला, "काय झालंय?" आई म्हणाली, "तुमच्या तीस प्रती!"

हे चंदाला सांगताना माझे कान तापले. ती आधी एवढी हसली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. मग हसता हसता थांबली आणि कठड्यावर बसली. त्या सकाळीच सरांची मेल आली होती. बायकांच्या मुलाखती अडल्या आहेत हे इंटरेस्टिंग आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. पुरुषांच्या सात झाल्या आहेत, त्यावरच लिही.

"म्हणजे मी पण मुकादमालाच विचारून जाणार," चंदा म्हणाली.



सुनंदाकाकूंची ओसरी, सातवा दिवस

त्या दिवशी लिंबाखालून उठून गेलेल्या मोठ्या बाई म्हणजे सुनंदाकाकू. बचत गटाच्या अध्यक्ष. त्या नाही म्हणाल्या की वस्ती नाही म्हणते, हे एव्हाना कळलं होतं. सकाळी मी एकटाच गेलो. ओसरीच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली शिलाई मशीन, मशीनवर काकू.

"जय भीम, काकू."

"जय भीम. काय राह्यलंय अजून इचारायचं?"

मी सगळं सांगितलं. झेरॉक्सचं दुकान, अर्ज, आबा, आईचा फोन. चंदाची आई आणि तो पाण्याचा ग्लासही सांगितला. काकूंनी मशीन थांबवलं नाही, पण पायाचा वेग कमी झाला.

"म्हंजे तुला खरंच ठावं न्हवतं?"

"नाही काकू."

"आरं येड्या, पाळी गडी मानसं म्हणत्यात. आमी बारी म्हणतो. न्हायतर आपलं नुसतं, पाणी आलं. एवढं इंग्लंडला जाऊन तुला बारी म्हाईत न्हाय?"

"तिथं नाही शिकवत."

"मग काय शिकवत्यात?" आणि मग एकदम, "तू नकला करतो म्हणं. तात्याची कर बघू."

मी खिशातली नसलेली पेनं काढून परत लावली. "म्हंजे कसं हाय…" आतून त्यांची मुलगी प्रणाली हसत बाहेर आली. ती इंदापूरला कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. मग मी सरांची केली, आबांची केली, मोटरसायकलवाल्याची केली.

"आता माझी कर," काकू म्हणाल्या.

मी तोंड उघडलं आणि काहीच येईना. मला त्यांचं एकच वाक्य माहीत होतं, आयबहिणीचं. ते म्हणून दाखवायची हिंमत नव्हती. लिंबाखाली मी जेवढा वेळ होतो तेवढा वेळ मीच बोलत होतो.

"बघ," काकू म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत त्या पोरीला घिऊन ये. कागदबी आण."

चार वाजता ओसरीवर नऊ बायका. अट अशी की मी एकेक प्रश्न वाचायचा आणि तो ठेवायचा का नाही हे त्या ठरवणार. दहावी-बारावीचे पेपर तपासायला सुद्धा माणसं एवढी कडक नसतात.

"तुमच्या शेतात कोणती पिकं आहेत?"

"दिसंना व्हय तिला? खोड त्ये."

"शेतीचे निर्णय घरात कोण घेतं?"

"ह्याचं उत्तर नवरा घरात असताना एक हाय, नसताना एक हाय. कंचं पायजे?"

प्रणालीनं हे चंदाला इंग्रजीत सांगितलं, माझ्यापेक्षा पटापट. चंदा म्हणाली, दोन्ही हवीत. तो प्रश्न दोन झाला.

"पाणी किती वाजता येतं ते काय इचारता," एक बाई म्हणाली. "पाणी आलं की त्या दिशी घरात काय काय व्हायचं राहतं, त्ये इचारा."

"आन बारीला गेल्यावर बाईनं लघवीला कुठं जायचं, त्ये इचारा. तेवढं कुणीच इचारत न्हाय."

माझ्याकडं बघून सगळ्या खुसखुसल्या. मी खाली मान घालून लिहीत होतो. चौदातले सहा प्रश्न उरले आणि नवीन अकरा आले. मग काकूंनी शेवटची अट घातली.

"परवा धा वाजता हितंच बसू. पंधरा जणींची सोय मी करते. पर ह्यो आत न्हाय बसायचा. प्रणाली सांगंल त्या पोरीला."

म्हणजे मला कामावरून काढलं होतं. चंदा एवढी खूश की तिनं मला सांत्वन म्हणून आपला आंब्याचा बाठा दिला.

मधला एक दिवस मोकळा होता म्हणून तिला भिगवणला नेलं आणि मासे खाऊ घातले. झणझणीत कालवण. डोळ्यांतून पाणी आलं तरी ती थांबेना. त्यांच्याकडं बोटाएवढे मासे वाळवून ठेवतात आणि टोमॅटोत शिजवतात, ते कसे वाट्टेल तेव्हा करता येतात, हे ती हॉटेलवाल्याला समजावत बसली. त्यानं शेवटी तिला आत नेऊन भटारखाना दाखवला. मी बाहेर बिल देऊन उभा. दुभाष्याची गरज तिथंही लागली नाही.

तीच ओसरी, नववा दिवस

दहाला पाच कमी. ओसरीवर सतरंजी, माठाशेजारी पेला, पंधरा बायका. चौदा, कारण काकू दारात उभ्या होत्या, हातात खोरं.

"पाणी आलं," त्या म्हणाल्या.

कालव्याचं पाणी ठरल्यापेक्षा एक दिवस आधी सुटलं होतं आणि पाटकरी, म्हणजे पाणी वाटून देणारा माणूस, नुकताच सांगून गेला होता, दहा ते दोन काकूंचं शेत. काकूंचे मालक ट्रकवर ड्रायव्हर, त्या दिवशी सोलापूरच्या पुढं. पाणी सोडून दिलं तर पुढच्या खेपेपर्यंत ऊस वाळणार. आणि काकू गेल्या की बाकीच्या बसणार नाहीत, हे सतरंजीवर दिसतच होतं. दोघी तर पदर खोचून उठल्यासुद्धा. दुसऱ्या दिवशी चंदाला मुंबईला निघायचं होतं.

चंदानं माझ्याकडं बघितलं. मी काकूंच्या हातातल्या खोऱ्याकडं.

"मी धरतो दारं," मी म्हणालो.

दारं धरणं म्हणजे पाणी एका सरीत भरलं की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बंद करायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. बास. ऐकायला एवढंच आहे. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या पांढऱ्या बुटांवर जरा थांबल्या, आणि खोरं दिलं.

पहिल्या सरीला मी बूट काढून बांधावर ठेवले. दुसऱ्या सरीला पाणी येऊन ते घेऊन गेलं. तिसरीचं तोंड बंद करेपर्यंत चौथी आपोआप फुटली, चौथीकडं पळालो तर पहिली परत उघडली. पाणी पायात घोट्यापर्यंत, चिखल कोपरापर्यंत, उसाची पानं मानेला सपासप. वर आठ महिन्यांचं ऊन एकदम. तात्या बांधावर छत्री घेऊन बसले होते आणि सल्ला देत होते.

"म्हंजे कसं हाय, माती अशी वडायची."

"तात्या, येऊन दाखवा की."

"न्हाय, माझी कंबर हाय. तू वड."

वस्तीच्या बाजूनं अधूनमधून हसण्याचा मोठा लोट यायचा. मग एकदम शांतता व्हायची, बराच वेळ. मग कुणीतरी एकटीच बोलतेय असा बारीक आवाज. शब्द एकही कळत नव्हता. जन्मभर दुसऱ्याचं बोलणं उचलणारा मी, तिथं कान टवकारून उभा राहिलो, आणि तेवढ्यात पाचवी सरी फुटून पाणी तात्यांच्या शेतात गेलं.

"आरं ए! माझ्यात सोडलं की!" तात्या कंबर विसरून उठले.

दोन वाजता काकू आल्या. शेताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, खोरं घेतलं आणि आठ-दहा खोऱ्यांत सगळं पाणी जिथल्या तिथं बसवलं. ओढणं नाही, पळणं नाही.

"अर्ध्याच्या वर भिजलंय," त्या म्हणाल्या. "वाटलं न्हवतं."

मागून चंदा आली, वही छातीशी धरून. दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग परत एका हाताची पाच. मी विचारलं, काय काय म्हणाल्या? तिनं नुसती मान हलवली. वही उघडली नाही. तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती.

माझे बूट तीन सऱ्या पुढं सापडले. एक उजवा, एक अर्धा.

आणि इंग्लंड

मुलाखतींचं इंग्रजी प्रणालीनं केलं. मी ऐकायचं नाही, अशी पंधरा जणींची अट होती. चंदानं ती पाळली. प्रबंध छापून आला तेव्हा इतरांबरोबर मीही वाचला. त्यात काय आहे ते मी इथं सांगणार नाही, ते त्यांचं आहे. सरांनी तो वाचला, भुवया जागेवर ठेवल्या, आणि इंटरेस्टिंग म्हणाले नाहीत. "गुड," म्हणाले. चंदानं टेबलाखाली माझा हात एवढा आवळला की खोऱ्याचे कधीच बरे झालेले फोड परत दुखले.

माझ्याबद्दल त्या प्रबंधात एकच वाक्य आहे. मुलाखती कशा घेतल्या त्या प्रकरणात, पान एकवीस. "पुरुष दुभाष्याचा खरा उपयोग फिल्डमध्ये झाला."

सरांनी मला बोलावून हात मिळवला. एवढ्या उन्हात गावोगाव फिरून मुलाखती मिळवून देणं सोपं नाही, म्हणाले.

मी थँक्यू म्हणालो.